एकही वाद्य येत नसताना जॅझचा कार्यक्रम करायला घ्यावा का?

अनवट:

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, विचारतोय पहिल्यांदाच.

जॅझ ऐकायला लागून मला सात वर्षं झाली. एका छोट्या इंटरनेट रेडिओवर आठवड्यातून एक तास मिळतोय, रात्री दहा ते अकरा. विचारणा झाली तेव्हा लगेच हो म्हणून बसलो आणि त्या रात्रीपासून झोप उडाली आहे. मला एकही वाद्य येत नाही. स्वरलिपी वाचता येत नाही. सॅक्सोफोनचा सोलो कुठे सुरू झाला ते कळतं, मन भरूनही येतं, पण त्याच्याखाली पियानो काय करतोय हे कोणी विचारलं तर शब्द सापडत नाहीत.

रेडिओवर जॅझ सांगणाऱ्यांबद्दल थोडं वाचायला घेतलं तर धीर आणखी खचला. मेरियन मॅकपार्टलंड माइकपुढे बसल्या त्या कितीतरी वर्षं पियानो वाजवून झाल्यावर. बिली टेलर हेही पियानोवादक, त्यांच्याकडे तर डॉक्टरेट होती. आणि मी कोण? ऐकणारा.

आयुष्यभर हे काम केलेल्यांची सांगीतिक बैठक काय होती? ते तिथवर पोचले कसे? आणि इथे कोणी प्रत्यक्ष माइकपुढे बसलेलं असेल तर कृपया आडपडदा न ठेवता सांगा. नाही म्हणायला अजून तीन आठवडे आहेत.

---

उत्तररात्र:

अनवट, तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. एकवीस वर्षं मी रेडिओवर जॅझचा कार्यक्रम करते आहे, बहुतेक काळ मध्यरात्रीनंतरचा. तुम्हाला जी भीती वाटते आहे ती मला पहिली तीन वर्षं रोज वाटायची, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात विलिस कॉनोव्हर यांच्यापासून करते, कारण तुमच्या उडालेल्या झोपेवर तोच उतारा आहे. हा माणूस वादक नव्हता, आणि तरी शीतयुद्धाच्या काळात पोलंडपासून सोव्हिएत संघापर्यंत कित्येक पोरांनी जॅझ ऐकलं ते याच्या आवाजाचं बोट धरून. जन्म १९२०चा, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोचा. मेरिलंडमधल्या कंबरलंड नावाच्या लहान गावात डब्ल्यूटीबीओ हे केंद्र होतं, तिथे निवेदक म्हणून लागला. युद्धात सैन्यात गेला, पुढे वॉशिंग्टनच्या डब्ल्यूडब्ल्यूडीसी केंद्रावर आला. तिथे निवेदनाच्या जोडीने त्याने जॅझच्या मैफली भरवल्या आणि काळ्या-गोऱ्या श्रोत्यांना एकत्र बसवलं. त्या शहरात तेव्हा ही साधी गोष्ट नव्हती. मग जानेवारी १९५५मध्ये व्हॉइस ऑफ अमेरिकावर, म्हणजे अमेरिकी सरकारच्या परदेशांसाठीच्या रेडिओवर, त्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९९६मध्ये तो वारला तोपर्यंतचं त्याचं सगळं आयुष्य त्यातच गेलं. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाचं ‘टेक द ए ट्रेन’ सुरू व्हायचं आणि त्यावर तो खर्जातला, सावकाश आवाज यायचा.

त्या सावकाशीवर मला जरा थांबायचं आहे, कारण आपल्या कामाचं मर्म तिथे आहे. कार्यक्रम लघुलहरींवरून (शॉर्टवेव्हवरून) जायचा. लघुलहरींवरचा आवाज लाटेसारखा येतो, भरतो, ओसरतो, मध्येच शिट्ट्या वाजतात. शब्दातली व्यंजनं सगळ्यात आधी गळतात. शिवाय पलीकडचा माणूस इंग्रजी नुकतं शिकत असलेला किंवा मुळीच न येणारा. म्हणून कॉनोव्हर छोटी वाक्यं बोलायचा, प्रत्येक नाव सुटं करून उच्चारायचा आणि दोन नावांमध्ये जागा सोडायचा. कोणी ट्रंपेट वाजवला, ड्रम्सवर कोण होतं, कोणत्या वर्षीचं ध्वनिमुद्रण, एवढं सांगायचा आणि गप्प व्हायचा. पुढे संगीत. पलीकडे कोणीतरी टेपरेकॉर्डर लावून बसलेलं असायचं आणि ती टेप हातोहात फिरायची. १९५९मध्ये तो पोलंडला गेला तेव्हा विमानतळावर गर्दी लोटली होती. त्याच्या स्वतःच्या देशात मात्र त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं, कारण १९४८च्या कायद्याने व्हॉइस ऑफ अमेरिकाचे कार्यक्रम अमेरिकेतल्या श्रोत्यांसाठी प्रसारित करायला बंदी होती. इतकी वर्षं तो तिथे करारावरच होता, कायम नोकरीत नव्हता. काय वाजवायचं ते तोच ठरवायचा.

या माणसाकडे वाद्य नव्हतं. मग काय होतं? कोणत्या तबकडीवर कोण आहे हे त्याला पक्कं ठाऊक असायचं आणि आपण कुठे थांबायचं तेही ठाऊक असायचं. अनवट, यातली पहिली गोष्ट मेहनतीने येते. दुसरी शिकायला मला मात्र दहा वर्षं लागली.

आता मॅकपार्टलंडबाई. तुम्ही त्यांचं नाव भीतीपोटी घेतलंत, मी प्रेमाने घेते. १९१८चा जन्म, इंग्लंडमधला. लहानपणापासून कानाने ऐकून पियानो वाजवायच्या. लंडनच्या गिल्डहॉल संगीतशाळेत शास्त्रोक्त शिक्षण चालू होतं, ते अर्धवट सोडून १९३८मध्ये बिली मेयर्ल यांच्या चार पियानोंच्या संचात गेल्या. घरच्यांना हे मुळीच रुचलं नव्हतं. युद्धात सैनिकांसाठी वाजवत युरोपभर फिरल्या, तिथे जिमी मॅकपार्टलंड हा शिकागोचा कॉर्नेटवादक भेटला, १९४५मध्ये जर्मनीतल्या आखेनला लग्न झालं. अमेरिकेत आल्यावर १९५२पासून न्यूयॉर्कच्या ५२व्या रस्त्यावर हिकरी हाउस या क्लबमध्ये त्यांची त्रयी, म्हणजे तीन वादकांचा संच, वर्षानुवर्षं वाजत होती. १९६४मध्ये डब्ल्यूबीएआय केंद्रावर आठवड्याचा कार्यक्रम सुरू केला, तो तबकड्या वाजवण्याचा आणि पाहुण्यांशी गप्पांचा. आणि ज्यामुळे जग त्यांना ओळखतं तो ‘पियानो जॅझ’? त्याची मुद्रणं सुरू झाली १९७८मध्ये. तेव्हा बाई साठीच्या होत्या. पुढे तीस वर्षांहून जास्त काळ, २०११पर्यंत, त्यांनी तो केला.

स्टुडिओत दोन पियानो असायचे. एकावर पाहुणा, दुसऱ्यावर बाई. बिल एव्हन्स आले होते तो भाग मिळवून ऐकाच, १९७८च्या नोव्हेंबरचं मुद्रण आहे. त्यात एव्हन्स सांगतात की वाक्य ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे सरकवून मी कसं बांधतो, आणि सांगता सांगता वाजवून दाखवतात. बाईंचा प्रश्न ऐका. ‘तुमच्या शैलीविषयी सांगा’ असलं त्या काही विचारत नाहीत. जे आत्ता कानावर पडलं त्याच्यावरच बोट ठेवतात. त्या प्रश्नामागे चाळीस वर्षांची बोटं आहेत, हे मान्य. पण अनवट, तुमच्या तासात समोर पाहुणा वादक बसणार नाहीये ना? तिथे असणार तबकडी आणि तुम्ही. म्हणजे तुमचा रस्ता कॉनोव्हरचा, मॅकपार्टलंडबाईंचा नव्हे. दोघांना एकाच फूटपट्टीने मोजून स्वतःला त्रास करून घेऊ नका.

माझं स्वतःचं म्हणाल तर लहानपणी सहा वर्षं पियानो शिकले. कागदावर लिहिलेलं सगळं वाजवता यायचं, कागद काढून घेतला की हात थिजायचे. जॅझ ऐकायला लागल्यावर हे आपल्या हातून होणार नाही हे लख्ख कळलं आणि त्या दुःखात मी पियानो बंदच केला. मग एका रेडिओ केंद्राच्या तबकडी-संग्रहात नोकरी लागली. काम काय, तर आलेल्या तबकड्यांची कार्डं करायची: कलाकार, साथीदार, मुद्रणाची तारीख, प्रत्येक तुकड्याची लांबी मिनिट-सेकंदांत. चार वर्षं मी दुसरं काही केलं नाही. हजारो कव्हरांच्या मागचा बारीक मजकूर वाचला, आणि कार्ड करताना तबकडी ऐकायलाच लागायची, कारण छापलेल्या लांबीवर विसंबता येत नसे. त्या खोलीत मी जे शिकले त्यावर आजही जगते. एका रात्री नेहमीचे निवेदक आजारी पडले, वरून विचारलं की तबकड्या कुठे आहेत हे कोणाला माहीत आहे, आणि मला खुर्चीत बसवलं. पहिल्याच मिनिटाला फेडर (माइकचा आवाज चालू करायची सरकपट्टी) उघडला आणि लक्षात आलं की माझा श्वास माइकमध्ये ऐकू येतोय. माइकपासून वीतभर मागे सरकले. ते अंतर आजतागायत तेवढंच आहे.

तुम्ही नाही म्हणू नका.

---

खर्ज:

मी डबल बेस वाजवतो. निवेदकाला वाद्य येतं की नाही याने आम्हा वादकांना काडीचा फरक पडत नाही. कशाने पडतो ते सांगतो.

बेसचा सोलो आला की बोलायला सुरुवात करू नका. आवाज खाली गेला, ड्रमर नुसत्या ब्रशवर आला, म्हणजे तुकडा संपत आला असं निवेदकांना वाटतं आणि ते बोलू लागतात. संपत आलेला नसतो. तिथेच आम्हाला बत्तीस बार (बार म्हणजे ठोक्यांचा एक गट, बहुधा चारचा) मिळालेले असतात, सगळ्या रात्रीत तेवढेच.

आणि नावं घ्यायची तर सगळ्यांची घ्या. पुढे उभ्या असलेल्या ट्रंपेटचं नाव सगळेच घेतात.

शेवटच्या सिंबलचा नाद विरेपर्यंतही थांबा. बस, एवढंच.

---

षड्जपंचम:

उत्तररात्र यांचा प्रतिसाद फार सुंदर, दोनदा वाचला. पण एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. वाद्य येत नसेल तरी चालेल, इथवर ठीक. पण ‘तुमचा रस्ता वेगळा’ म्हणून रचनेचं ज्ञान अजिबात बाजूला ठेवलं तर सात वर्षांनी अनवट आज आहेत तिथेच असतील.

बिली टेलर यांचंच घ्या. हा माणूस १९४०च्या दशकात न्यूयॉर्कला येऊन सॅक्सोफोनवादक बेन वेबस्टरच्या चमूत बसला, पुढे बर्डलंड या जॅझ क्लबचा घरचा पियानोवादक झाला, हार्लेममधल्या डब्ल्यूएलआयबी केंद्रावर निवेदक होता, १९७५मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली आणि नॅशनल पब्लिक रेडिओवर ‘जॅझ अलाइव्ह’ केलं. ऐकणाऱ्याला दाराबाहेर उभं ठेवण्यासाठी त्यांनी ते ज्ञान कधी वापरलं नाही. पियानोवर बसून दोन स्वरसंघ (कॉर्ड) वाजवायचे, ‘हे ऐका, आता हे ऐका’ म्हणायचे, आणि समोरच्याला फरक आपोआप कळायचा.

अनवट, तुम्हाला वाजवायचं नाही, फक्त मोजायला शिकायचं आहे. बारा बारचा ब्लूज घ्या. प्रत्येक बारला चार ठोके. चार-चार बारांच्या तीन ओळी असतात. दुसरी ओळ सुरू होताना जमीन बदलल्यासारखी वाटते आणि सातव्या बारला पुन्हा घरी आल्यासारखं होतं. ते घरी येणं एकदा कानाला सापडलं की आयुष्यभर हरवत नाही. मग बत्तीस बारांची रचना: आठ बारांची एक चाल, तीच पुन्हा, मग आठ बार वेगळे, त्याला ब्रिज म्हणतात, आणि परत पहिली चाल. बोटांवर मोजत ऐका. ब्रिज आला की सोलो वाजवणाऱ्याची वाक्यं बदलतात, ते कळायला लागेल. तुम्ही लिहिलंत की खाली पियानो काय करतोय ते सांगता येत नाही. त्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या मोजण्यात आहे. तीन आठवडे पुष्कळ झाले.

---

अनवट:

तिघांचेही मनापासून आभार. खर्ज, बेसच्या सोलोचं वाचून चरकलो, कारण घरी सराव करताना मी नेमका तिथेच बोलत होतो. षड्जपंचम, काल रात्री बारा बार मोजत बसलो. पहिल्या पाच-सहा वेळा चुकलो आणि मग अचानक सातव्या बारला ते झालं. उठून उभाच राहिलो.

उत्तररात्र, आणखी दोन गोष्टी विचारतो. एक, चूक झाली तर? थेट प्रसारणात काहीतरी धडधडीत चुकीचं बोललो तर काय करायचं? दोन, पहिला तास बांधायचा कसा?

---

उत्तररात्र:

षड्जपंचम, तुमचं म्हणणं पटलं. मोजायला मीही शिकलेच होते, फक्त पियानोच्या वर्षांत नकळत शिकले म्हणून लिहायचं राहिलं.

अनवट, चुकीबद्दल विचारलंत, तर माझी सगळ्यात मोठी चूक सांगते.

दुसरं वर्ष असेल. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची ‘को-को’ लावली. सॅव्हॉय कंपनीसाठी २६ नोव्हेंबर १९४५ला न्यूयॉर्कमध्ये झालेलं मुद्रण, तीन मिनिटंसुद्धा नाहीत. सुरुवातीला सॅक्स आणि ट्रंपेट मिळून एक झपाट्याचा तुकडा वाजवतात आणि मग पार्कर चौसष्ट-चौसष्ट बारांची दोन आवर्तनं अशी काही वाजवतो की श्वास घ्यायचं राहून जातं. तुकडा संपला आणि मी भारावून म्हणाले, ‘ट्रंपेटवर अवघ्या एकोणीस वर्षांचा माइल्स डेव्हिस.’ त्या दिवशीच्या सत्रात माइल्स होताच, कार्डावर त्याचं नाव होतं, वयही बरोबर होतं. पण ‘को-को’मधला ट्रंपेट डिझी गिलेस्पीचा आहे. त्या सत्रात गिलेस्पी पियानोवरही बसला होता, आणि पियानोवादक म्हणून त्याचं नाव ‘हेन गेट्स’ असं टोपणनावाने गेलं. म्हणजे गोंधळायला जागा पुष्कळ. पण मला ड्रम्सवरचा ‘ब्रश’ आणि ‘काठी’ यांतला फरक ऐकू येत होता आणि या दोन ट्रंपेटांतला ऐकू आला नाही, कारण मी ऐकलंच नव्हतं. मी कार्ड वाचलं होतं.

फोन वाजला. वयस्कर आवाज होता, अतिशय मृदू. नाव सांगितलं नाही. म्हणाले, ‘बाई, ते पुन्हा लावा आणि ट्रंपेटची कड ऐका. धारदार आहे ना? माइल्सची धार तशी नाही.’ मी त्यांना होल्डवर ठेवून हेडफोनमध्ये पुन्हा लावलं. सुरुवातीचे आठ सेकंद पुरेसे होते. आता मला सांगा, एकदा ऐकल्यावर जे कळतं ते त्याआधीच्या पन्नास वेळांत का कळलं नसेल? पुढच्या तुकड्यानंतर मी फेडर उघडून सरळ सांगितलं की मघाशी चुकलं, ट्रंपेट गिलेस्पींचा होता, एका श्रोत्याने लक्षात आणून दिलं, आणि ‘को-को’ पुन्हा लावली. ठरलेल्या यादीतला एक तुकडा त्यासाठी कापला.

करायचं ते एवढंच. त्याच तासात, कारणं न देता, दुरुस्त करायचं. ते गृहस्थ पुढे अकरा वर्षं अधूनमधून फोन करत राहिले. मी त्यांना कधी पाहिलं नाही. जे मला येतं त्यातलं बरंचसं त्या फोनवरून आलेलं आहे, हे इथे लिहिताना डोळे भरून येतायत.

(जाता जाता: एलिंग्टनची १९४०ची ‘को-को’ ही संपूर्ण वेगळी रचना आहे, नाव तेवढं सारखं. हाही खड्डा लक्षात ठेवा.)

इथे आणखी एका माणसाबद्दल सांगायलाच हवं. फिल शाप. १९५१चा जन्म, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये वाढला. काउंट बेसीच्या वाद्यवृंदाचे ड्रमर जो जोन्स त्याला लहानपणी सांभाळायला असायचे, म्हणजे बैठक म्हणाल तर ती घरातच होती, वाद्याशिवायची. कोलंबिया विद्यापीठात इतिहास शिकायला गेला, १९७०मध्ये विद्यार्थ्यांच्या डब्ल्यूकेसीआर केंद्रावर बसला आणि २०२१मध्ये जाईपर्यंत तिथून उठला नाही. १९८१पासून सोमवार ते शुक्रवार सकाळी ‘बर्ड फ्लाइट’, फक्त चार्ली पार्करवर. एकाच वादकावर, चाळीस वर्षं. एकेका तारखेवर, एकेका टेकवर (त्याच तुकड्याच्या एकेका प्रयत्नावर) तो इतका वेळ बोलायचा की काही श्रोते वैतागायचे: संगीत कधी लावणार? कॉनोव्हरचं अगदी दुसरं टोक. माझा स्वभाव कॉनोव्हरकडे झुकतो. पण पार्करच्या मुद्रणांविषयी एखादी शंका असली की आजही मी शापचंच बोलणं शोधून ऐकते. हा माणूस इतिहासकार होता आणि रेडिओ हे त्याचं नोंदींचं दफ्तर होतं. तुम्हाला वाद्य येत नाही, पण दफ्तर ठेवता येईल. त्याला हात लागतात, बोटं नाहीत.

आता पहिला तास. साठ मिनिटांत मी आठ तुकडे धरते, नऊ झाले तर ओढाताण होते. माझं एकूण बोलणं दहा मिनिटांच्या वर जाऊ देत नाही. प्रत्येक तुकड्याचं एक कार्ड, हाताने लिहिलेलं. वर नाव आणि तारीख, खाली सगळे वादक, त्याखाली एकच ओळ: श्रोत्याने काय ऐकावं. ही ओळ लिहिण्यासाठी तुकडा किमान पाच वेळा ऐकायचा. ती ओळ कुठल्या पुस्तकातून येता कामा नये. तुम्ही सातव्या बारला उठून उभे राहिलात ना? तसलं काहीतरी त्या ओळीत हवं.

आणि कार्ड तबकडीचं करू नका, तुकड्याचं करा. माइल्सच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीचंच बघा. १९५९च्या मार्च आणि एप्रिलमधली दोन सत्रं. सगळे म्हणतात पियानोवर बिल एव्हन्स, आणि ते खरंच आहे, पण ‘फ्रेडी फ्रीलोडर’ सोडून. त्या एका तुकड्यावर विंटन केली आहे. तो ब्लूज आहे, तुम्हाला आता मोजता येतो. दोन्ही पियानो पाठोपाठ लावा, आधी केली, मग दुसऱ्या कुठल्याही तुकड्यातला एव्हन्स. बोलू काहीच नका, फक्त नावं सांगा. केलीचा पियानो पाय हलवतो. एव्हन्सचा पियानो लांब कुठेतरी पाहत बसतो. श्रोत्याला कळेलच.

जुनं वाजवणार असाल तर लक्षात असू द्या: मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीनच मिनिटं मावायची. १९४८मध्ये एलपी, म्हणजे लांब वाजणारी तबकडी, आली आणि लांब वाजवायला जागा झाली. म्हणून जुन्या तुकड्यांत सोलो आठ-सोळा बारांत आटपलेले असतात. ते तुटपुंजे नव्हेत. तेवढ्या जागेत सगळं बसवलेलं असतं. अशा तुकड्याआधी कमी बोला, नाहीतर बोलणं तुकड्यापेक्षा लांब होतं.

नावांचे उच्चार आधी तपासून घ्या. कॉर्नेटवादक बिक्सचं आडनाव बायडरबेक. गिटारवादक जँगोच्या (Django) नावातला पहिला ‘डी’ बोलायचा नाही. पियानोवादक मंकचं ‘थेलोनियस’ म्हणताना घाई करायची नाही. नाव चुकलं की ज्याने प्रेमाने ऐकलंय त्याच्या काळजाला लागतं.

---

खर्ज:

उत्तररात्र, ‘काइंड ऑफ ब्लू’चा विषय निघालाच आहे तर बेसवर पॉल चेंबर्स, दोन्ही सत्रांत. ‘सो व्हॉट’ची चाल बेसवर आहे. अनवट, हे तरी सांगाच.

---

अनवट:

सांगेन. पहिलं कार्ड आत्ताच लिहिलं. ‘सो व्हॉट’, मुद्रण २ मार्च १९५९. ट्रंपेट माइल्स डेव्हिस, आल्टो सॅक्स कॅननबॉल ॲडर्ली, टेनर जॉन कोल्ट्रेन, पियानो बिल एव्हन्स, बेस पॉल चेंबर्स, ड्रम्स जिमी कॉब. शेवटच्या ओळीसाठी चार वेळा ऐकून झालंय. आधी लिहिलं होतं ‘शांत सुरुवात’, ते खोडलं. आता असं लिहिलंय: बेस विचारतो, बाकीचे दोन स्वरांत उत्तर देतात.

पाचव्यांदा लावतो आहे. केंद्राला कळवून टाकलं, तास घेतला म्हणून.

---

उत्तररात्र:

ती ओळ बदलू नका. आणि पहिल्या रात्री माइकपासून वीतभर मागे बसा.